मरणेच्छा आणि तिचे उत्तर

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचक सामान्यतः सत्तावनच्या उठावाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून वाचत आला आहे. पेणजवळच्या वरसई गावचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात जातो काय आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीच्या वेढ्यात सापडतो काय! चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्याच्या भाषेचा, त्याच्या विश्वसनीयतेचा आणि त्यातील लोकजीवनाचा विचार पुष्कळ झाला. त्यातील एका प्रसंगाकडे मात्र नीतिविचाराच्या अंगाने जावे तितके लक्ष गेले नाही, असे म्हणावे लागते.

इंग्रज फौज शहरात शिरली आहे, झाशीची राखरांगोळी होत आहे, आणि राणी लक्ष्मीबाई वाड्यात परतली आहे. आता सारे संपले, दारूगोळ्याला बत्ती देऊन आपण येथेच जळून जावे, असा तिचा मनोदय झालेला आहे. भोवतालच्या माणसांपुढे ती तो बोलून दाखविते. तेव्हा एक वृद्ध पुढे होतो आणि तिला उत्तर देतो. आत्महत्या हे मोठे पाप आहे, असे तो सांगतो. परंतु तेवढ्यावर थांबत नाही. रात्री वेढ्यातून बाहेर पडावे, पेशव्यांना जाऊन मिळावे, वाटेत मरण आलेच तर ते रणातले मरण असेल, अशी वाटही तो दाखवितो. राणी त्याचे ऐकते. त्यानंतर ती घोड्यावरून काल्पीकडे निघून जाते, आणि पुढे जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ तिला रणात मृत्यू येतो. मधले सुमारे अडीच महिने हे त्या उत्तराचे फलित होय.

हा संवाद शब्दशः असाच झाला की नाही, हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न आहे. आपला प्रश्न निराळा आहे. मरणाची इच्छा बोलून दाखविणाऱ्या माणसाला भोवतालच्या माणसांनी काय उत्तर द्यावे? असाध्य रोगाने, वार्धक्याने किंवा अपंगत्वाने त्रस्त झालेल्या माणसाला वैद्याच्या साहाय्याने आपले आयुष्य संपविण्याची मुभा विधिमंडळाने कायदा करून द्यावी, अशी मागणी आज जगभर होत आहे, आणि आपल्याकडेही तिचे पडसाद उमटत असतात. त्या मागणीचा विचार या प्रश्नापासून सुरू केला, तर तिच्यातील गुंतागुंत अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या मागणीला आपण ‘इच्छामरण’ असे नाव दिले आहे. हा शब्द आपल्याकडे भीष्माच्या कथेतून आला. पण भीष्माला मिळालेला वर कोणता होता? त्याची इच्छा झाल्यावाचून मृत्यू त्याला शिवणार नाही, असा. म्हणजे त्या इच्छेचा उपयोग मरण लांबविण्याकडे होता. शरपंजरी पडलेला भीष्म उत्तरायणाची वाट पाहत राहतो, आणि त्या अवधीत युधिष्ठिराला राजधर्म सांगतो. शांतिपर्व ज्या शय्येवर उच्चारले गेले ती वेदनेची शय्या होती. आजच्या मागणीत इच्छेचा रोख नेमका उलट दिशेला आहे. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र फिरला. आणि जुन्या शब्दाच्या पुण्याईवर नवा अर्थ निभावून नेला जात आहे.

आपल्या परंपरेत स्वेच्छेने मृत्यू पत्करण्याला स्थान नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आळंदीची ज्ञानदेवांची समाधी, जैनांचे सल्लेखना-व्रत, प्रायोपवेशन या गोष्टी आपल्यासमोर आहेत. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न वर्ज्य करून देह ठेवला; विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले. या दोघांच्या विचारांत किती अंतर होते, हे सांगायला नको. अखेरच्या मार्गात मात्र साम्य होते. साहाय्यित मरणाचे पुरस्कर्ते ही उदाहरणे वारंवार देतात. पण त्यांतील एक वैशिष्ट्य त्यांच्या नजरेतून निसटते. या साऱ्या प्रकारांत दुसऱ्या कोणाचा हात नाही. कोणी विष सिद्ध केलेले नाही, कोणी सुई टोचलेली नाही, कोणा अधिकाऱ्याने कागद तपासून ‘पात्र’ असा शेरा मारलेला नाही. समाज तेथे साक्षी असतो. कधी तो विनवणी करतो, कधी हात जोडून दूर उभा राहतो. कर्ता मात्र तो होत नाही. कायद्याने साहाय्यित मरण आणले की समाज साक्षीच्या जागेवरून उठतो आणि कर्त्याच्या जागी जाऊन बसतो. या स्थानपालटातच प्रश्नाचे मर्म आहे.

आपल्याकडील कायद्याचा प्रवासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली, आणि या विषयाची जाहीर चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचे प्रकरण आले. अपघातानंतर त्याचे मानसिक संतुलन बिघडले होते. उपजीविकेसाठी दुकान टाकण्याची परवानगी मिळेना म्हणून त्याने महापालिकेच्या दारात स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला होता. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच विचार उचलून धरला आणि १९९६ साली ग्यान कौर प्रकरणात तो फिरविला: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. त्या शिपायाची खरी मागणी कोणती होती, याकडे मात्र या तात्त्विक वादाच्या धुराळ्यात कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्याला दुकान हवे होते. मरण ही त्याची मागणी नव्हती. ती ऐकून घेतली जावी म्हणून त्याने काढलेला तो अखेरचा आवाज होता.

पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने या बाबतीत मोठे शहाणपण दाखविले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षा न करता तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम सरसकट ठेवलेच नाही. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा मात्र आजही गुन्हाच आहे. झाशीच्या त्या वृद्धाने जे उत्तर दिले, त्याचेच हे विधिभाषेतील रूप आहे असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. मरू पाहणाऱ्याला तुरुंगात टाकू नका. आणि त्याच्या हातात बत्तीही देऊ नका.

आता साहाय्यित मरणाचा कायदा झाला असे समजू. त्याच शासनाला मग दोन उत्तरे द्यावी लागतील. पंचविशीतला धडधाकट तरुण मरू म्हणाला, तर शासन म्हणेल: थांब, तू ताणाखाली आहेस, आम्ही तुझी शुश्रूषा करतो. पंचाहत्तरीची, अंथरुणाला खिळलेली बाई तेच म्हणाली, तर शासन म्हणेल: अर्ज भरा. इच्छा एकच, वेदना दोघांचीही खरी. मग उत्तर दोन प्रकारचे का? कारण शासनाने मनाशी ठरवून टाकलेले असते की, काही आयुष्ये राखण्याजोगी आहेत आणि काहींची अखेर समजण्याजोगी आहे. पुरस्कर्ते याला स्वातंत्र्य म्हणतात. पण स्वातंत्र्याचा हक्क असता तर तो त्या तरुणालाही मिळाला असता. ज्याला वगळले जाते त्याच्या जीवनाची किंमत मोठी धरलेली असते. ज्याला ‘हक्क’ दिला जातो त्याच्या जीवनाची किंमत आधीच उतरविलेली असते.

‘पात्र’ या शब्दाचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देताना शासनाची समिती ती आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविते. कर्ज होते काय, सातबारा कोणाच्या नावावर होता, नापिकी झाली होती काय, हे पाहिले जाते. निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही; निधी वाटायचा तर निकष लागतातच. परंतु दुःखाची मोजणी कागदावर करायला बसले की यंत्रणा कोणती भाषा बोलू लागते, ते विदर्भ-मराठवाड्यातील घरांनी ऐकलेले आहे. मृत्यूनंतरच्या मदतीसाठी वापरलेली ही भाषा मृत्यूपूर्वीच्या परवानगीसाठी वापरली गेली, तर ती अधिक कोवळी होईल अशी आशा कशाच्या बळावर धरावी?

परदेशांतील अनुभवाचा दाखला सावधपणे द्यावा लागतो. प्रत्येक समाजाची घडण निराळी असते. तरीही दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कॅनडाने २०१६ साली जो कायदा केला, तो ज्यांचा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित आहे त्यांच्यापुरता होता. २०२१ साली ती अट उरली नाही. २०२३ साली त्या देशात १५,३४३ माणसांचा मृत्यू या मार्गाने झाला. एकूण मृत्यूंत हे प्रमाण ४.७ टक्के होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात असा कायदा १९९७ पासून अंमलात आहे. तेथे रुग्णांनी सांगितलेली कारणे दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांत वेदनेला अग्रस्थान नाही. स्वायत्तता गमावणे, आनंदाच्या गोष्टी करता न येणे, प्रतिष्ठा जाणे ही कारणे पुढे आहेत. आणि घरच्यांवर ओझे होण्याची भीती पुष्कळांनी नोंदविलेली आहे.

‘ओझे’ हा शब्द आपल्या घरांतही परका नाही. “देवाने आता उचलावं”, “किती दिवस माझं करणार तुम्ही?” ही वाक्ये कोणत्या मराठी घरात ऐकू येत नाहीत? व्याकरणदृष्ट्या पहिले विधान आहे आणि दुसरे प्रश्न. अर्थाच्या दृष्टीने दोन्ही प्रश्नच आहेत. ‘मी अजून तुम्हाला हवी आहे काय?’ असा तो प्रश्न असतो. सून चहाचा कप पुढे करते, मुलगा पाय चेपतो, नात म्हणते, “आजी, काहीतरीच काय बोलतेस!” हेच त्या प्रश्नाचे उत्तर. क्वचित ते उत्तर मिळत नाही, क्वचित फार कठोर मिळते, हेही खरे. पण आज ती आजी जगत राहण्याचे कारण कोणाला सांगत नाही. जगणे हा तिचा निर्णय नसतो, ती तिची स्थिती असते. कायद्याने पर्याय उपलब्ध केला त्या दिवसापासून तिचे जगणे हा तिने घेतलेला निर्णय ठरेल, आणि निर्णयाला समर्थन लागते. औषधांचा खर्च, मुलाची रजा, दोन खोल्यांचे घर या सगळ्यांपुढे तिने आपले समर्थन कसे करावे? तिच्यावर कोणी जबरदस्ती करणार नाही. तीच समंजसपणे अर्ज भरील, आणि सारे तिच्या समंजसपणाची वाखाणणी करतील.

२०१७ साली मुंबईतील एका वृद्ध दांपत्याने, कोणताही प्राणघातक आजार नसताना, राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. त्या पत्राची टवाळी करणे अप्रशस्त होईल. त्यामागे परावलंबनाची खरी भीती होती. पण त्या पत्राला समाजाने द्यायचे उत्तर परवानगीचे होते की, तुमच्या परावलंबनाच्या दिवसांत आम्ही तुमच्याजवळ असू, या हमीचे?

येथे विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप पुढे येतो, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे नाही. झाशीच्या वृद्धाजवळ देण्यासारखी वाट होती. बाहेर काल्पी होती. कर्करोगाने हाडे पोखरलेल्या माणसाला तुम्ही कोणती काल्पी दाखविणार? त्याला केवळ पाप-पुण्य सांगणे हा निर्दयपणा नव्हे काय?

आहे. वाट न दाखविता नुसता निषेध करणे हा निर्दयपणाच आहे. म्हणून या कायद्याला विरोध करणाऱ्यावर अधिक मोठे कर्ज चढते. पण ती काल्पी अस्तित्वात आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांना अखेरपर्यंत वेदनेविना आणि एकटे न पाडता सांभाळणारे ते देशातील पहिले शुश्रूषागृह. केरळने २००८ साली वेदनाशामक शुश्रूषेचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे, राज्यधोरण जाहीर केले, आणि गावोगावचे स्वयंसेवक, परिचारिका व पंचायती यांच्या आधाराने ही सेवा घरांपर्यंत नेली. असह्य वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक तरतुदींमुळे ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणजे मधली जवळपास तीस वर्षे असंख्य रुग्ण कळवळले ते केवळ रोगामुळे नव्हे, तर कायद्यामुळेही. ज्या व्यवस्थेने वेदनाशमन रोखून धरले, तिनेच आता वेदनेचे कारण पुढे करून मरण देऊ करावे, यात औचित्य नाही. उत्तम शुश्रूषेनेही काही वेदना पूर्णपणे शमत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. अशा वेळी रुग्णाला गाढ निद्रेत ठेवून वेदनामुक्त करण्याचा मार्ग वैद्यकाजवळ आहे, आणि त्यात हेतू वेदना मारण्याचा असतो, माणसाला मारण्याचा नसतो.

दुसरा आक्षेप असा की, उपचार थांबवून मरू देणे आपण मान्य केले आहे, मग औषध देऊन मारणे का नको. परिणाम तर एकच. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणामुळे हा भेद आपल्या देशात प्रथम ठळकपणे मांडला गेला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला, आणि त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात जाणीव हरपलेल्या अवस्थेत होती. तिने मरणाची इच्छा व्यक्त केली नव्हती. ती काहीच व्यक्त करू शकत नव्हती. तिच्या वतीने केलेल्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबविण्याचा मार्ग काटेकोर अटींवर मान्य केला; परंतु तिच्या बाबतीत तो नाकारला. तिचा खरा सुहृद कोण, याचे न्यायालयाने दिलेले उत्तर मननीय आहे: तिला वर्षानुवर्षे भरविणारा, स्वच्छ ठेवणारा तो रुग्णालयाचा परिचारकवर्ग. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश यांना मान्यता दिली. २०२३ साली त्याची पद्धती सोपी करण्यात आली.

हा भेद शब्दच्छल नव्हे. निरुपयोगी झालेले यंत्र काढून घेताना वैद्य म्हणतो, आता रोगापुढे माझे चालत नाही. विष देताना तो म्हणतो, आता तुझ्या असण्यापुढे माझे चालत नाही. पहिल्यात मृत्यूचा स्वीकार आहे, दुसऱ्यात माणसाचा त्याग आहे. झाशीच्या वृद्धानेही राणीला काहीही करून जगावे असे सांगितले नव्हते. मरण येऊ शकते, हे त्याने स्पष्टपणे गृहीत धरले होते. मरण टाळणे हा त्याच्या उत्तराचा विषयच नव्हता. तिने स्वतःला निरुपयोगी ठरवू नये, हा होता.

राहिला स्वायत्ततेचा युक्तिवाद. माझे आयुष्य माझे आहे, इतरांनी मध्ये का यावे? राणीएवढी स्वायत्त, निर्भय आणि शुद्धीवर असलेली व्यक्ती शोधून सापडणार नाही. कोणत्याही आधुनिक कायद्याची क्षमतेची कसोटी ती सहज उतरली असती. तिचा पराभव खरा होता, पुढचे अंधारलेले चित्रही खरे होते. वृद्धाने तिचा निर्णय हिरावून घेतला नाही. घोड्यावर बसायचे तिनेच ठरविले. पण तिने जे बोलून दाखविले ते अंतिम वचन न मानता त्याला उत्तर देण्याचे धैर्य त्याने दाखविले. स्वायत्ततेचा खरा आदर असाच असतो. ‘तुमची इच्छा’ असे म्हणून बाजूला होणे हे आदराचे रूप घेतलेले औदासीन्य असू शकते.

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यांच्या सूचीत घातले आहेत. तेव्हा राज्यांच्या विधिमंडळांना या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देऊ जाणणारे हात असावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी परिचारिका पोचावी. सांभाळ करून थकलेल्या घरच्या बाईला चार दिवसांची उसंत मिळावी. झाशीत आज राणीच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. बुंदेलखंडातील एखादा रोगी तेथे येऊन, आता मला मरू द्या, असे म्हणेल, तेव्हा त्याच्या खाटेशी त्या वृद्धाचे काम करायला कोणी असेल काय, हा आपल्या कायद्यापुढचा आणि आपल्यापुढचा प्रश्न आहे. ते कोणी नसताना परवानगीचा कागद मात्र तयार असेल, तर त्या रोग्याने मरण निवडले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.